डॉरीनच्या यादीतलं सहावं नाव

नॉर्थ आल्टोच्या हायस्कूलमध्ये त्या साली शेवटच्या वर्गात एकेचाळीस मुलं होती आणि त्यांतल्या दोघींनाच डॉक्टर व्हायचं होतं. एक डॉरीन ट्रेविथिक, दुसरी मार्नी कोस्केला. वर्गात पहिली डॉरीन, दुसरी मार्नी. हा क्रम चौथीपासून ठरून गेलेला होता आणि मार्नीला त्याचं काही वाटत नाही असं सगळे धरून चालायचे. मार्नीसुद्धा.

साल १९८७. तांब्याची खाण बंद पडून दोन वर्षं झाली होती. गावचे म्हातारे डॉक्टर निवृत्त होऊन लेकीकडे ॲरिझोनाला निघून गेले, तेव्हापासून साधा ताप दाखवायलाही बर्फातून चाळीस मैल गाडी हाकावी लागे. त्यामुळे या दोन पोरींवर गावाचा डोळा होता. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना म्हाताऱ्या बायका मार्नीचा हात धरत. "लवकर शीक गं बाई, माझे गुडघे काही थांबायला तयार नाहीत." मार्नी हसायची, पण घरी जाताना तिच्या मनात एकच यायचं, की पलीकडच्या मेथडिस्ट पंथाच्या चर्चबाहेर हेच वाक्य डॉरीनलाही कुणीतरी ऐकवत असणार.

ऑक्टोबरात मिस्टर हापालांनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. ते शाळेचे मार्गदर्शक, पण जीव सगळा हॉकीच्या संघात. टेबलावर अर्जांचे गठ्ठे, त्यांवर शिट्टी आणि कुणाचे तरी ओले हातमोजे. त्यांनी दोघींपुढं एकेक कोरा कागद सरकवला आणि उभ्या दोन रेघा मारल्या.

"तीन रकाने. पहिल्यात उडी मारायची कॉलेजं, दुसऱ्यात बेताची, तिसऱ्यात हातची. प्रत्येकी दोन. सहाच्या वर लिहू नका, मला शिफारसपत्रं लिहायची असतात, जीव एकच आहे."

"उडीत काय घालायचं?" डॉरीननं विचारलं.

"जिथं तुला घेतलं तर तुझी आई रडेल ते. आणि ऐका, चार वर्षांच्या कॉलेजनंतर पुढं मेडिकलला जायचंय ना? मग इमारतींचे फोटो बघू नका. पहिल्या वर्षी तीनशे पोरं छाती काढून सांगतात आम्ही डॉक्टर होणार. ऑरगॅनिक केमिस्ट्री झाली की साठ उरतात. उरलेली दोनशे चाळीस कुठं गेली, ते माहितीपत्रकात कुणी छापत नाही. ते विचारा."

त्या शनिवारी दुपारी दोघी ट्रेविथिकांच्या स्वयंपाकघरात बसल्या. पुढच्या खोलीत डॉरीनच्या आईचं, व्हर्लाचं, पार्लर होतं. केस कुरळे करायच्या औषधाचा उग्र वास घरभर, अगदी पेस्टीच्या, म्हणजे बटाटा-मांस भरून भाजलेल्या मोठ्या करंजीच्या, कणकेलासुद्धा लागलाय असं वाटायचं. व्हर्लानं दोघींपुढं एकेक गरम पेस्टी ठेवली. "डोकं चालवायला बटाटा लागतो," म्हणाली आणि ड्रायरखाली बसवलेल्या बाईकडे पळाली.

टेबलभर माहितीपत्रकं पसरलेली. डॉरीनच्या हातात पेन्सिल. ती वाचायची तेव्हा ओठ हलायचे.

"हे बघ," ती म्हणाली, "इथं लिहिलंय, आमची ऐंशी टक्के मुलं मेडिकलला लागतात."

"त्यातल्या किती जणांना ते अर्जच करू देत नाहीत, ते हापालांना विचार."

"म्हणजे?"

"कमी मार्कांच्या पोरांना शिफारसपत्रच देत नाहीत. मग उरलेले लागणारच."

डॉरीन हसली. "तुला गं हे सगळं कसं कळतं?"

कळायचं कारण साधं होतं. मार्नीची आई शाळेच्या ऑफिसात होती. येणारं प्रत्येक पाकीट आधी तिच्या हातात पडे. दुसऱ्या वर्षाची केमिस्ट्री शाळेत शिकवत नाहीत आणि पुढं ती लागू शकते, हे तिच्याच लक्षात आलं आणि तिनं उन्हाळ्यात मार्नीला तो विषय टपालानं करायला लावला. डॉरीन त्या उन्हाळ्यात वृद्धाश्रमात काम करत होती. म्हाताऱ्यांना भरवायचं, त्यांच्या कुशी बदलायच्या, चादरी काढायच्या. तिथल्या नर्सा म्हणायच्या, ही पोरगी खोलीत आली की माणूस आपोआप तोंड उघडतं.

पाच नावं लिहून झाली. सहावं उरलं.

ते विद्यापीठ राज्याच्या दोन भागांना जोडणाऱ्या लांब पुलापलीकडे, दक्षिणेकडच्या भागात होतं. हायस्कूलमधून थेट सात वर्षांसाठी घ्यायचे: तीन कॉलेजची, चार मेडिकलची. मध्ये गाळणी नाही, पुन्हा अर्ज नाही. उत्तरेकडच्या जिल्ह्यांसाठी थोड्या जागा राखीव, एका जिल्ह्यातून एकच मूल, आणि अट अशी की डॉक्टर झाल्यावर परत उत्तरेत येऊन सहा वर्षं काम करायचं. सप्टेंबरात तिथं माहितीची बैठक होती. मार्नी मावशीबरोबर जाऊन आली होती. डॉरीनला वृद्धाश्रमातून सुट्टी मिळाली नव्हती.

"हे मला सगळ्यांत आवडलंय," डॉरीन म्हणाली. "परत यायचंच आहे मला. ती त्यांना अट वाटते! पण इथं लिहिलंय, केमिस्ट्री शक्यतो दोन वर्षं. माझी एकच आहे. तू गेली होतीस ना, काय म्हणाले ते?"

काय म्हणाले ते मार्नीला शब्दन् शब्द आठवत होतं. करड्या कोटातला एक उंच गृहस्थ होता. कुणीतरी नेमकं हेच विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, "तुमच्या शाळेत जे शिकवतच नाहीत, ते तुम्हाला येत नाही म्हणून आम्ही तुम्हाला मागं टाकत नाही. माणूस बघतो आम्ही."

मार्नीनं पेस्टीची कड तोडली. तोडता तोडता तिच्या तोंडून निघून गेलं, "ते शक्यतो नुसतं छापायला आहे गं. दोन वर्षं नसतील तर पाकीटच उघडत नाहीत म्हणाले."

ठरवून नव्हती आली ती. पण बोलून झाल्यावर शब्द मागं घ्यायला पुरेसा वेळ होता. डॉरीन पेन्सिलीचं टोक ओठावर टेकवून त्या पानाकडे बघत राहिली. भिंतीवरचं घड्याळ, पलीकडे ड्रायरची घरघर. नुसतं 'थांब, मी चुकले' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मार्नीनं घास गिळला.

"असो," डॉरीन म्हणाली. "बरं झालं तू विचारून आलीस. उगाच एक अर्ज वाया गेला असता." तिनं सहावं नाव खोडलं आणि खाली आपल्याच भागातल्या सरकारी कॉलेजचं नाव लिहिलं, जिथं कुणालाही घेतात. मग मार्नीच्या कागदाकडे मान वाकवून म्हणाली, "तू मात्र कर हां. तुझी दोन वर्षं आहेत. आपल्यातलं एक तरी जाऊ दे."

हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी अर्ज टपालात पडले. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी, सगळं गाव रानात. हापालांनी डॉरीनची यादी बघून भुवई वर केली होती म्हणे. "आणि ते सात वर्षांचं?" "केमिस्ट्री कमी पडते," डॉरीन म्हणाली. हापाला म्हणाले, "असं? नीट चौकशी केलीस ना?" आणि डॉरीननं हो म्हटलं. हे मार्नीला डॉरीननंच सांगितलं, सहज, बर्फ झाडता झाडता.

अर्ज टाकायच्या आधी घरी आईनं दोघींच्या पाकिटांवर पत्ते टाइप करताना विचारलं, "डॉरीनच्या यादीत ते पुलापलीकडचं कसं नाही? तिथं नाही करत ती?"

"तिला एवढं लांब नाही जायचं."

आईनं चष्म्यावरून बघितलं. मग पुढचं पाकीट यंत्रात घातलं. त्या बघण्याचा अर्थ मार्नीनं पुढं कितीतरी दिवस लावून पाहिला.

फेब्रुवारीत मुलाखतीला बोलावणं आलं. तिघं जण समोर, त्यांत तो करड्या कोटातला गृहस्थही. प्रश्न सोपे होते. मार्नी नीट बोलत होती. मग त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, "तू स्वतः आजारी पडलीस, तर तुझ्यावर कुणी उपचार करावेत असं वाटेल? तुझ्या ओळखीचं कुणीही चालेल."

मार्नीनं विचार न करता डॉरीनबद्दल सांगायला सुरुवात केली. वृद्धाश्रमात एक फिनिश म्हातारा होता, इंग्रजी विसरून गेलेला, तो जेवायचाच नाही. डॉरीन मार्नीच्या आजीकडून दहा-बारा फिनिश शब्द शिकून आली आणि दर घासाला एकेक वापरत बसली. उच्चार इतके वाईट की म्हातारा हसायला लागला, आणि हसताना तोंड उघडलं की चमचा आत. सांगताना मार्नीचा आवाज मोकळा झाला. तिघंही पुढं झुकून ऐकत होते.

"छान," करड्या कोटाचा गृहस्थ म्हणाला. "ही मुलगी आमच्याकडे का नाही आली?"

मार्नीचे कान तापले. "तिला... घर सोडून लांब नाही जायचं."

"वाईट वाटलं," तो म्हणाला आणि कागदावर काहीतरी टिपलं.

मार्चच्या मध्याला जाड पाकीट आलं. आई ऑफिसातून कोट न घालताच बर्फातून धावत वर्गापर्यंत आली. पोरांनी बाकं बडवली. डॉरीननं तिला अशी मिठी मारली की दोघी फळ्यावर आदळल्या. "मी म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं?" ती ओरडत होती. डॉरीनला उडीच्या दोन्ही कॉलेजांनी नकार दिला होता. बेताच्या दोघांनी घेतलं होतं, पण ती आईला सोडून तिकडे जाणार नव्हती. सरकारी कॉलेजात जाऊन राहायचं घरीच, असं तिचं ठरत आलं होतं.

व्हर्लानं निरोप धाडला: डॉक्टरीणबाईंचे केस माझ्याकडून, येत्या शनिवारी.

मार्नीनं दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा आईच म्हणाली, "ती बाई प्रेमानं बोलावते आणि तू नखरे कसले करतेस?" तेव्हा गेली. डॉरीन कामावर होती. व्हर्लानं तिचं डोकं धुतलं, खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. कात्री चालू झाली तशी जीभही.

"आमची डॉरीन म्हणते, मार्नी परत येईल तेव्हा मी तिच्या दवाखान्यात नर्स होईन. मी म्हटलं, का गं, तू डॉक्टर का नाही? म्हणते, बघू. पूर्वी बघू नव्हती म्हणत." कात्रीचे दोन-तीन आवाज. "ती केमिस्ट्री नडली. मी सांगत होते हापालाला पुन्हा विचार, त्या लोकांना पत्र टाक, तर म्हणे कशाला, मार्नी समोरासमोर विचारून आलीय. तुझ्यावर फार विश्वास पोरीचा."

आरशात मार्नीला आपलं ओलं, चपटं डोकं दिसत होतं आणि त्याखाली पांढरं कापड. हात कापडाखाली होते. पळायचं म्हटलं तरी गाठ मागं होती.

"मिसेस ट्रेविथिक," ती म्हणाली, "ते तसं म्हणालेच नव्हते."

"कोण?"

"ते तिथले. केमिस्ट्रीचं. ते म्हणाले होते चालेल. उलटच म्हणाले होते. मी खोटं सांगितलं."

कात्री थांबली. पार्लरमध्ये दुसरं कुणी नव्हतं. व्हर्ला आरशातून तिच्याकडे बघत राहिली, आणि त्या चेहऱ्यावर राग यायच्या आधी जे आलं ते मार्नीला जन्मभर विसरता आलं नाही. ती बाई हिशेब जुळवल्यासारखी एकेक दिवस आठवत होती. पेस्टीचा शनिवार. नकाराची पत्रं. फळ्यापाशी मारलेली मिठी.

"का?" शेवटी तिनं विचारलं.

"एकालाच घेतात जिल्ह्यातून."

"हं."

मार्नी उठायला गेली. व्हर्लानं खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. जोरात नाही, पण बसवलं.

"एक बाजू झालीय. माझ्या दुकानातून कुणी अर्धवट डोकं घेऊन बाहेर जात नाही." आणि तिनं दुसरी बाजू कापली, मोजून, बोटात केस धरून, पहिल्या बाजूइतकीच नीट. पंधरा मिनिटं लागली. मार्नी रडत होती आणि पडलेले केस गालाला चिकटत होते. व्हर्लानं ते ब्रशनं झाडले. कापड सोडताना म्हणाली, "तिला तू सांगायचंस. मी नाही सांगणार. आणि आजच."

वृद्धाश्रम दोन गल्ल्या पलीकडे. डॉरीन कोपऱ्यातल्या खोलीत एका आजीबाईंना तांदळाची खीर भरवत होती. मार्नीला बघून तिचा चेहरा उजळला. "अगं, काय सुंदर कापलेत आईनं!"

मार्नीनं दारातच उभं राहून सांगितलं. आजीबाईंना ऐकू येत नव्हतं. डॉरीननं चमचा खाली ठेवला नाही. घास देत राहिली, हनुवटीवरचा ओघळ पुसत राहिली. वाटी संपल्यावरच वळली.

"नक्की काय म्हणाले होते ते? जसंच्या तसं सांग."

मार्नीनं सांगितलं. तुमच्या शाळेत जे शिकवतच नाहीत, ते तुम्हाला येत नाही म्हणून आम्ही तुम्हाला मागं टाकत नाही. माणूस बघतो आम्ही.

"माणूस बघतो," डॉरीन म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "म्हणजे मी नुसतं पत्र टाकलं असतं तरी..."

"मी जागा सोडते. मी त्यांना फोन करून सगळं सांगते."

"सोडून ती मला देणार आहेत का? मी अर्जच केला नाहीये. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाला तरी जाईल, आणि त्या सहा वर्षांत इथं कुणीच येणार नाही." तिनं आजीबाईंचं पांघरूण वर ओढलं. "तू जायचंस. आणि तुला तिथं एक दिवस चैन पडू नये, एवढंच मला वाटतं. आता जा. मला यांची कूस बदलायचीय."

"मी हात लावू?"

"नको."

तरीही सोमवारी मार्नीनं शाळेच्या ऑफिसातून विद्यापीठाला फोन लावला. आई शेजारच्या टेबलाशी बसून ऐकत होती. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, दोन दिवसांनी उलट फोन केला. यंदाच्या जागा भरल्या, सात वर्षांच्या अभ्यासक्रमाला मागून कुणाला घेता येत नाही. तिच्या मैत्रिणीनं चार वर्षांनी नेहमीच्या रस्त्यानं मेडिकलला अर्ज करावा. मार्नीचं काय, ते समिती ठरवेल. समितीनं तिला ठेवलं. एका ओळीचं पत्र आलं, त्यात अभिनंदनाचा शब्द नव्हता. आईनं ते वाचून फाइलला लावलं आणि म्हणाली, "मला नोव्हेंबरातच विचारायला हवं होतं." त्या घरात त्यापुढं हा विषय निघाला नाही.

मार्नी गेली. डॉरीननं दिलेला शाप बऱ्यापैकी लागला. वर्गात कुणी हुशार पोरगी सहज उत्तर देई, तेव्हा मार्नीला वाटे की ही खुर्ची हिच्यासारख्याच कुणाचीतरी होती. पहिल्या नाताळात तिनं डॉरीनला केमिस्ट्रीच्या सगळ्या वह्या आणि पुस्तक पाठवलं. आठवड्यानं वह्या परत आल्या, न उघडलेल्या. पुस्तक आलं नाही. त्या न आलेल्या पुस्तकावर मार्नीनं बरेच दिवस काढले.

चौथ्या वर्षाच्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी वसतिगृहात तिला फोन आला.

"डॉरीन बोलतेय. मी मेडिकलची यादी करतेय. चौदा नावं झालीत. तुझं विद्यापीठ घालावं की नाही ठरत नाहीये. छोट्या सरकारी कॉलेजातल्या मुलांना घेतात का?"

मार्नी भिंतीला टेकली. "मला नको विचारूस. मी ऑफिसचा नंबर देते, त्यांना विचार."

"त्यांना विचारून झालंय. तू काय सांगतेस ते ऐकायचंय."

मार्नीनं सांगितलं. घेतात, पण थोड्यांना. गेल्या साली सहा. तिथं मार्कांपेक्षा शिफारसपत्राला वजन आहे. दुसरं वर्ष वाईट असतं म्हणतात, पण माणसं वाईट नाहीत. आणि तू आलीस तर मला आवडेल, पण त्याकडे तू लक्ष देऊ नकोस.

"सहा म्हणालीस? त्यांनीही सहाच सांगितलं," डॉरीन म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं तिथं अर्ज केला नाही. मिनेसोटातल्या एका कॉलेजात तिला जागा मिळाली, तिथंच पुढचं शिकली, तिथंच राहिली. तिच्यावर परत यायची अट नव्हती.

मार्नीवर होती. सगळं शिक्षण आटोपून ती नॉर्थ आल्टोला परतली तेव्हा चर्चच्या तळघरात कॉफी ठेवली होती. सगळं गाव आलं, मेथडिस्टसुद्धा. गुडघेवाली म्हातारी वारली होती, तिची सून आली. व्हर्ला रांगेत शेवटी उभी होती. केस पांढरे, पण बसवलेले नीट. तिनं मार्नीचा हात हातात घेतला.

"डॉरीन तिकडे मिनेसोटात, डुलुथला असते. बाळंतपणं करते. चांगली चाललीय तिची."

"ऐकलं मी."

"इथं असती तर बरं झालं असतं," व्हर्ला म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मार्नीला मान वर करता आली नाही. मग व्हर्लानं बाही वर सारून कोपराजवळचा एक काळसर डाग दाखवला. "हे केव्हाचं आहे. बघतेस का, का सोमवारी दवाखान्यात येऊ?"

"आता बघते," मार्नी म्हणाली, आणि तिला उजेडाच्या खिडकीपाशी घेऊन गेली.